उत्तरं भावजींची

दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या पबमध्ये दोघं गायचे. एक चावीवाला, दुसरे त्याचे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. चावीवाल्याकडे गिटार, भावजींकडे अकॉर्डियन. दोघंही हौशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. गिटार एकीकडे, गळा दुसरीकडे! पण गिऱ्हाईक उठून जाईना, उलट ग्लास खाली ठेवून ऐकायला लागलं. मग म्हटलं, गाऊ देत.

गाणी जुनी, लोकांच्या तोंडी वाढलेली. त्यांत एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो. विचारायचं चावीवाल्यानं, उत्तर भावजींनी द्यायचं, हे एकदा ठरलं ते ठरलं. चावीवाल्याला उत्तरं येतच नसत. एकदा मी म्हटलं, "अरे, तीपण पाठ करून ठेव की." तर म्हणतो कसा, "मला उत्तर माहीत असलं तर विचारण्यात मजा काय? ती भावजींची आहेत." असल्या शहाण्यापुढे कोण डोकं फोडणार!

त्याची बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, कोपऱ्यातल्या टेबलाशी विणकाम घेऊन बसायची. ती कधी गुणगुणली की भावजी स्टेजवरूनच ओरडायचे, "अगं, मालकांचं गिऱ्हाईक पळेल!" सगळे हसायचे. तीही हसायची आणि गप्प व्हायची. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

मग भावजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग घराची गल्ली. शाळेची बस चालवून रिटायर झालेला माणूस, पहाटे उठून बस काढायला निघायचा. शेवटी ताईनं भावाला दाराला बाहेरून कुलूप बसवायला सांगितलं. जन्मभर लोकांची अडकलेली दारं उघडली होती त्यानं. ते कुलूप बसवून तो सरळ माझ्याकडे आला आणि काउंटरवर डोकं टेकून रडला. मी शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. दुसरं काय करणार!

"गाण्यात ते अजून शाबूत आहेत," तो डोळे पुसत म्हणाला. "वाजवायला बसले की सगळं आठवतं त्यांना."

त्या एका आशेवर गडी तग धरून होता. ताईनं मात्र बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी अडखळतील, त्या दिवशी बंद. लोक त्यांना हसलेले मला चालणार नाहीत."

त्या शुक्रवारी पब भरला होता. पहिली गाणी निभावली. मग चावीवाल्यानं नदीचं गाणं काढलं.

"नदीच्या पल्याड दिवा कुणाचा?"

भावजींची बोटं बरोबर चालली होती. तोंड उघडलं, पण शब्द येईना. चावीवाल्यानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. भावजी त्याच्याकडे बघतच राहिले, जणू कुणी खरंच काही विचारतंय आणि आपल्याला ठाऊक नाही. मागून कुणीतरी हसलं. खोटं कशाला सांगू, मी त्याला दोन ठेवून द्यायच्या बेतात होतो.

चावीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. भावजींना हळूच सांगावं, तर त्याच्यापाशी उत्तर होतंच कुठं?

"वाट बघणारीचा, आणिक कुणाचा."

कोपऱ्यातून आलं. ताई होती. विणकाम मांडीवर, नजर खाली. आवाज कापरा, पण शब्द पक्के. इतकी वर्षं तिनं सगळी उत्तरं ऐकून ठेवली होती. चावीवाला विचारत गेला, ती देत गेली. अकॉर्डियन तिच्या आवाजामागून चाललं. हसणारा गप्प झाला. गाणं संपलं तेव्हा मला वाटलं, जमलं बुवा! आता तिघं मिळून गातील.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या भावजींनी. मग ते मेहुण्याकडे वाकले. माइक चालूच होता.

"छान गातात रे या बाई. कोण आहेत? आमच्या हिला कधी जमलं नाही असं."

चावीवाल्यानं मान खाली घातली. ताईनं विणकाम पिशवीत भरलं, स्टेजवर गेली आणि भावजींच्या खांद्यावरून अकॉर्डियनचा पट्टा उतरवला.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"घरी. बायको वाट बघत असेल तुमची."

"हो हो. उशीर झाला की रागावते ती," भावजी म्हणाले आणि तिच्या मागोमाग निघाले.