मागच्या चाकांमधला आवाज

बाबांच्या कानांबद्दल आमच्या घरात एकच मत होतं: माणूस बहिरा नाही, बेरकी आहे. आईने दळण सांगितलं, गॅस सांगितला, की त्यांना ऐकू जायचं नाही. पण किरनापूरच्या रस्त्यावर आमची जुनी पिकअप जरा कण्हली की लगेच म्हणायचे, "मांगून आवाज येऊन राह्यला." मी शेजारी बसून कान टवकारायची. त्या गाडीत दारं, मागचा उघडा डाला, साखळ्या, सगळंच वाजायचं. त्यातला नवा आवाज कोणता, हे मला कळायचं नाही आणि मी वैतागायची.

मग रेल्वे फाटकाजवळ एका ऑटोला गाडी घासली. ऑटोवाला हॉर्न वाजवून दमला होता आणि बाबा शांतपणे त्याच्याच अंगावर वळत होते. कोणाला लागलं नाही. पण त्या संध्याकाळी आईने किल्ली काढून घेतली.

"आता तुमी गाडी नोका चालवू," ती ओरडून म्हणाली. "तुमाले ऐकू येत नाही."

"मले गाडीच्या पोटातलं ऐकू येते, अन् ऑटोचा हॉर्न ऐकू येत नाही काय?"

शेवटी ठरलं की मिस्त्रीला दाखवायचं. आवाज खरा निघाला तर किल्ली बाबांची, नाहीतर माझी. धानाची पोती वाहत बाबांचं आयुष्य त्या सीटवर गेलं होतं. किल्ली गेली की उरणार काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी मनातून त्यांच्या बाजूने होते.

भरवेलीच्या रस्त्यावर आम्ही गाडी तपासली. अशी तपासणी ते पूर्वीपासून करत. दुसऱ्याला चालवायला लावायचं आणि आपण मागे डाल्यात, बरोबर डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यावर, पालथं पडायचं. केबिनच्या काचेवर एकदा टकटक केली की मी ॲक्सिलरेटर दाबायची, दोनदा केली की सोडायची. आरशात मला ते दिसत होते. लोक अशा वेळी कान लावतात. बाबांनी जबडा पत्र्याला टेकवला होता. मला तेव्हा हसू आलं.

"दाबलं का वाढते, सोडलं का उतरते," ते खाली उतरून म्हणाले. शर्टाला सगळा भुसा. "पिनियनचं बेरिंग गेलं."

मिस्त्रीने डिफरन्शियलचं तेल काढलं तर त्यात पोलादाची चमचम. बेरिंग हातावर घेऊन फिरवलं, ते खरखरलं. "काकाजी, कान भारी तेज है आपका!" तो म्हणाला. त्याला ते दोनदा सांगावं लागलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आईची वकील होते.

नवं बेरिंग बसलं. मिस्त्रीने शेंदूर तेलात कालवून गिअरच्या दात्यांना फासला आणि चाक हाताने फिरवलं. दाते कुठे घासतात ते शेंदूर पुसला गेला की दिसतं. डाग दात्याच्या मधोमध येईपर्यंत तो पातळ चकत्या काढत-घालत राहिला, आणि बाबा उकिडवे बसून प्रत्येक वेळी मान हलवत होते. फार दिवसांनी ते इतके खुशीत दिसले.

परत निघालो तेव्हा स्टिअरिंगवर तेच होते. मागचा घोंगावणारा आवाज आता नव्हता. तो गेल्यावरच मला कळलं की तो किती मोठा होता. मी काही बोलणार, एवढ्यात बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी घाईने गाडी कडेला घेतली, न्यूट्रलला टाकली आणि किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर इतका कर्कश किंचाळला की मी त्यांचा हातच धरला.

"बाबा, चालू हाये! गाडी चालूच हाये!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला. इंजिनाची थरथर हाताला लागली तसा त्यांचा चेहरा उतरला. मला रडू आवरेना. बाकीचे आवाज त्यांचे कधीच गेले होते. पत्र्यातून हाडांत जाणारा एक हाच उरला होता, आणि तो आम्ही तिघांनी मिळून, पैज लावून, बंद करून आणला होता.

"बस तोच येत होता मले," ते म्हणाले.

ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि मला सरकायची खूण केली. मी स्टिअरिंगमागे सरकले. वाटेत मी ठरवलं की आईला यातलं काही सांगायचं नाही. पैज ते जिंकले होते, मिस्त्री साक्षीला होता.

घरी पोचल्यावर मी गाडी बंद केली. बाबांनी हात पुढे करून किल्ली मागून घेतली, आत गेले आणि आईच्या हातावर ठेवली.