पुकारा

आमच्या जिल्हा कोर्टाच्या दारात पक्षकारांची नावं पुकारणारा शिपाई रोज माझ्याकडंच तंबाखू मागतो. पुकाऱ्याआधी ती पायरीशी थुंकून येतो. जिवंत माणसाचं नावही तो तसंच थुंकतो, "बिरा धोंडी, ईट, हाजिर हो."

बिरा मेंढपाळ होता, भूम तालुक्यातल्या ईटचा. पोलीस ठाण्यात त्याला गुरासारखं मारलं, म्हणून मानवी हक्कांचा खटला मी चालवत होतो. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि बिरा वारला. समोरचे वकील खुशीत म्हणाले, "अर्जदारच राहिला नाही, प्रकरण बंद करा." मी बिराच्या बायकोला वारस म्हणून उभं केलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या वारस?"

तिनं पदर ओठांवर धरला. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "त्यांना सांगू द्या."

शिपाई दारात गेला आणि कुणी न सांगता त्यानं पुकारा केला. "बिराजी धोंडिबा, मुक्काम ईट, हाजिर हो."

"हाय जी," बाई म्हणाली. "त्येंच्याच घरची हाय मी."

वारस नोंदली गेली. मग मारणाऱ्या फौजदाराचा पुकारा झाला, तीनदा. तो धडधाकट होता, कोर्टाच्याच गावात राहत होता. ओ आली नाही.

शिपायानं माझ्यापुढं हात पसरला.

"द्या तंबाखू, वकीलसाहेब. मयत हजर व्हतं. जित्यापायी पुढली तारीख पडली."