टायरच्या पॉलिशचा वास
टायरला लावायच्या काळ्या पॉलिशचा वास आला की मला अजूनही मेहुण्याचं दुकान आठवतं. काही वर्षांपूर्वी आम्हा नवरा-बायकोला मोटारसायकलवर गोव्याला जायचं होतं. गाडी रानावनात फिरण्यासाठी बनवलेली, उंच. पण आमचा दहात नऊ हिस्से प्रवास डांबरीवरचा, म्हणून मूळचे मातीच्या रस्त्याचे टायर काढून लांबच्या पक्क्या रस्त्याचे बसवायचं ठरवलं. धाराशिवात मेहुण्याचंच टायरचं दुकान होतं, तेव्हा दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. भर दुपारी दुकानात तापलेल्या रबराचा दर्प कोंडला होता. बायको समोरच्या रसवंतीत बसली होती. मेहुण्यानं एक चकचकीत टायर पुढं ठेवला. मी सवयीनं बाजूवरचा, टायर बनल्याच्या वर्षाचा आकडा शोधला, तर तिथंच पॉलिशचा जाड थर. रुमालानं पुसला, तेव्हा टायर आठ वर्षांपूर्वीचा निघाला. खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा होत्या. "हा रस्त्यात फुटला तर?" मी विचारलं. "दाजी, तुमी लई बारीक बघता. रबर काय दूध हाय व्हय, नासाया?" "मग तुझ्याच गाडीला लाव." तो मोकळेपणानं हसला. "न्हाय बा, माझ्या मागं लेकरं बसत्यात." माझ्या मागं त्याची सख्खी बहीण बसणार होती. तेवढ्यात ती आली आणि म्हणाली, "चांगला दिलास ना रे?" "एक नंबर, अक्का!" मी टायर न घेताच गाडी बाहेर काढली. का, ते तिला आजवर सांगितलेलं नाही. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळून उदंड आयुष्य मागते, आणि मी अंगणात जाऊन गाडीची हवा तपासत बसतो.