एक्क्याऐंशी टक्क्यांचा गोरसपाक

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडभाऊंइतका स्वावलंबी माणूस आजवर झाला नाही, आणि ज्यांनी त्यांच्यासोबत एकदा तरी प्रवास केलाय ते म्हणतील, पुढेही होऊ नये. थोरले साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सेवाग्रामकडच्या एका शाळेत ते उद्योगाचे शिक्षक होते. उभा जन्म पोरांना सूतकताई आणि सुतारकाम शिकवलं, पण पोराचं स्टूल कितीही लंगडं झालं तरी आपण त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. लग्नाला जातील तर पिशवीत स्वतःचं ताट आणि पेला. जेवण झालं की आचाऱ्याच्या नळावर उकिडवे बसून ते घासणार, मग नवरीचा बाप हात जोडून मागे उभा का असेना. केस स्वतःच कापतात, दोन आरसे लावून, आणि तसं ते दिसतंही. एकदा देवळीच्या रस्त्यावर त्यांची लूना बंद पडली. मी मागून स्कूटरवर येत होतो, थांबलो, ढकलतो म्हटलं. तर "राहू द्या, माह्यं मी पायतो." आता वडीलधारा माणूस उन्हात गाडी ढकलतोय म्हटल्यावर मी तरी कोणत्या तोंडानं पुढे जाणार? मीही स्कूटर बंद केली. ते लूना ढकलताहेत, मी मागून चांगली चालू स्कूटर ढकलतोय, असे आम्ही दोघं चार किलोमीटर गेलो. लोक थांबून बघत होते.

त्या पिशवीचं तर सांगायलाच हवं. स्वतः कातलेल्या सुताची, स्वतः शिवलेली, दोन लांब बंदांची. माझं नवं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे केळझरच्या गणपतीला गेलो होतो. पायऱ्या चढताना नवा साडू म्हणून मी अदबीनं हात पुढे केला, म्हटलं द्या पिशवी. "राहू द्या." तेव्हापासून किती वेळा हात पुढे केला असेल याची गणतीच नाही. पिशवी काही मिळाली नाही.

अशा माणसाच्या हृदयानं शेवटी दुसऱ्याची मदत मागावी, हा दैवाचा चावटपणाच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांना दम लागायला लागला. तपासणीत निघालं की हृदय थकलंय, आणि त्याच्या दोन बाजू एकाच वेळी आकुंचन पावायच्या सोडून मागेपुढे चालताहेत. छातीत एक मशीन बसवायची, तिच्या तारा दोन्ही बाजूंना, म्हणजे ती दोघींनाही एकदमच इशारा देईल. साडभाऊ तयार नव्हते. ताई रडल्या, तेव्हा कुठे हो म्हणाले. मशीन बसल्यावर पहिल्या तपासणीला दवाखान्यातल्या मुलीनं छातीवर एक चकती ठेवली, पडद्यावर पाहिलं आणि आनंदानं सांगितलं, काका, शंभरातले अठ्ठ्याण्णव ठोके मशीन देऊन राह्यली. आम्हाला हायसं वाटलं. साडभाऊंचा चेहरा मात्र नापास झालेल्या पोराच्या बापासारखा.

"म्हणजे माह्ये दोनच?" त्यांनी तिला विचारलं.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. या खेपेला आकडा निघाला एक्क्याऐंशी. डॉक्टरीणबाई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या, उद्या नक्की येऊन भेटा म्हणून निरोप आला. साडभाऊ बाहेर आले ते छाती काढूनच. वाटेत त्यांनी किलोभर गोरसपाक, म्हणजे आमच्या वर्ध्याची ती गाईच्या तुपातली खुसखुशीत बिस्किटं, घेतला. सख्ख्या मुलीला नोकरी लागली तेव्हा ज्यांनी गुळाचा खडा हातावर ठेवला होता, त्यांनी! गल्लीत घरोघरी स्वतः वाटला. "एकोणीस माह्ये आहेत," हे प्रत्येक दारात. आणि प्रत्येक दारात पायरीवर बसून दम खात होते. चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. मी तेव्हाच चरकलो, पण बोलायची छाती झाली नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला, जरा येऊन जा. उरलेला गोरसपाक ठेवायला रिकामा डबा शोधताना त्यांना सूतकताईच्या पेळूंच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली होती. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या, चार महिन्यांच्या. नीट चळत लावून, वर घरच्या सुताची गाठ. मी विचारलं, हे काय? साडभाऊ जराही ओशाळले नाहीत. गोळीनं हृदय हळू होतं, हळू झालं की मशीन त्याची पाळी हिसकावते, मग ते शिकणार कधी, असा त्यांचा हिशोब. "गोळ्या फेकून काऊन द्यायच्या? दुकानदाराला परत करू," हे वर. मला इतका संताप आला की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी ते गाठोडं मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. बाई देवळीकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. ओरडल्या नाहीत.

"काका, वखराचा एक बैल पुढे अन् एक मागे चालला तर काय होते?"

"वखर वाकडं चालते. बैल उगाच थकते."

"मग हाकणारा किती पावलं हाकते?"

"सगळीच," साडभाऊ म्हणाले.

मग बाईंनी शांतपणे सांगितलं की मशीन तुमच्या बदल्यात राबत नाही, राबतं ते तुमचंच हृदय. मशीन दोन्ही बाजूंना फक्त एकत्र ठेवते, आणि तेही जवळजवळ प्रत्येक ठोक्याला व्हायला हवं, तरच फायदा. असंच चाललं तर हे हृदय फार दिवस ओढणार नाही. "अन् ते एकोणीस तुमचे नाहीत काका. ते वाया गेलेले आहेत."

वाया! पेन्सिलीचं टोकसुद्धा कधी न टाकणारा माणूस. त्यांनी पाकिटांची गाठ सोडली, सूत बोटावर गुंडाळून खिशात घातलं, पिशवीतून पेला काढला आणि म्हणाले, कोणती गोळी ते सांगा.

पुढच्या तपासणीला आकडा सत्त्याण्णव. पायांची सूज उतरली, ताई पुन्हा त्यांच्याशी भांडायला लागल्या. "तीन तरी माह्ये आहेत," असं ते मला हळूच म्हणाले, पण गोरसपाक या खेपेला ताईंनी वाटला.

गेल्या महिन्यात त्यांनीच केळझरचं काढलं. पायऱ्या हळूहळू चढत होतो. निम्म्यावर ते थांबले. सवयीनं माझा हात पुढे झाला, आणि सवयीनं मी तो मागे घेणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीचा एक बंद माझ्याकडे केला.

"एक तुम्ही धरा."

पिशवीत काय, एक ताट, एक पेला, एक नारळ. एका बोटावर नेली असती. इतकी वर्षं मी तिच्यासाठी हात पुढे केला, आणि आता ती हातात आली. मनातून वाटत होतं, एकदा म्हणा ना, राहू द्या. दोघं दोन बाजूंनी ती धरून चढायला लागलो. मी जरा घाईनं पाऊल टाकलं तशी पिशवी तिरकी झाली, आतला पेला खणकला.

"पाऊल जुळवा, साडभाऊ," ते म्हणाले.

मी जुळवलं.