ट्यूब अंधारात होत्या तेव्हा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर रिक्षात बसल्या-बसल्या करमणूक म्हणून वाचत आले, हे आधीच कबूल करते. माझा असल्या कशावर विश्वास नाही. पेशीवर खूण असली तर मशीनमध्ये दिसते, नसली तर दिसत नाही... माझं काम इतकं सरळ आहे. तरी लिहितेय, कारण घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, तू चार दिवस सुट्टी घे.

तळेगाव दाभाड्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्ताच्या कॅन्सरची शंका आली की तो नेमक्या कुठल्या पांढऱ्या पेशींचा आहे, ते आम्ही शोधतो. प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या पृष्ठभागावर काही ठरावीक खुणा असतात. त्यातल्या एकाच खुणेला चिकटणारी अँटीबॉडी — मोनोक्लोनल म्हणतात तिला — चमकणारा रंग लावून तयार मिळते. ती रक्तात घालायची, ट्यूब थोडा वेळ अंधारात ठेवायची, कारण उजेडात रंग उडतो, आणि मग मशीनवर लावायची. खूण असलेल्या पेशी चमकतात. उपचार कोणते द्यायचे, ते बरंचसं त्यावर ठरतं.

गोष्ट मागच्या श्रावणातली. भर दुपार, पण लोणावळ्याकडून धुकं उतरलेलं, खिडकीतून समोरचं पार्किंगसुद्धा दिसत नव्हतं. सकाळी एका सहा वर्षांच्या मुलीचं सॅम्पल आलं होतं. नाव आरोही, गाव वडिवळे, बस्स. आमच्याकडे रक्त येतं, माणसं येत नाहीत. तिला किंवा तिच्या घरच्यांना मी पाहिलेलंही नव्हतं. आणि वडिवळ्याला तर मी जन्मात गेलेली नाही.

अँटीबॉडी घातल्या, ट्यूब कपाटात ठेवल्या, टायमर लावला आणि शेजारच्या स्टुलावर टेकले.

डोळा लागला, असं मी म्हणते. पण झोपल्यासारखं वाटलं नाही... मी बांधावरून चालत होते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पाण्याच्या वर पोपटी शेंडे, मागे धरणाची भिंत धुक्यात अर्धी बुडालेली. पाऊस पडत होता, पण त्याला आवाज नव्हता. भीती नाही, घाई नाही. रोजच्या वाटेनं जावं तसे पाय आपोआप वळत होते. उतार लागला, मग निळ्या पत्र्याचं घर. ओट्यावर एक बाई, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली मुलगी. बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी गार होतं, किंचित मातीच्या चवीचं. मी तिला काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही... टायमर वाजला आणि सगळं विरलं.

उठून ट्यूब काढल्या, पुढची प्रक्रिया केली, मशीनवर लावल्या. बी-पेशींच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराच्या, दोन खुणा लख्ख चमकल्या. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा उपचारांना चांगली दाद देणारा प्रकार. आमच्या डॉक्टर मॅडमनी लगेच वॉर्डात फोन केला, तेव्हा कळलं की पेशंट जागेवर नाहीच. कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यावर वडील मुलीला घेऊन गावी निघून गेले होते. जायचंच असेल तर आपल्या घरातून जाऊ दे, असं म्हणाले म्हणे. मॅडम संध्याकाळपर्यंत त्यांचा नंबर लावत राहिल्या. रेंजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसं जीप करून आपणहून परत आली. उपचार सुरू झाले. मी माझ्या कामाला लागले.

दिवाळीनंतर आरोहीचं सॅम्पल पुन्हा माझ्याकडे आलं. बिघडलेल्या पेशी किती उरल्या आहेत, ते अशाच अँटीबॉडी वापरून बघायचं होतं. एकही सापडली नाही. मी आनंदानं कॅन्टीनमध्ये चहाला गेले, तोंडावरचा मास्क काढला, तर पलीकडच्या टेबलावरून एक बाई उठून माझ्याकडे आली. सोबत लोकरीची टोपी घातलेली मुलगी.

"ताई, वळखलं न्हाई व्हय? मी आरोहीची आई. तुमी आमच्या घरी आलता की."

मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय, मी दिवसभर लॅबमध्ये असते. ती माझ्यासमोर बसली आणि अगदी सहज, विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसं सांगत गेली. पोरीला घरी आणलं त्या दुपारी मालक भावाला बोलवायला गेले होते. ती ओट्यावर पोरीला घेऊन बसली होती. बांधावरून पांढरा कोट घातलेली मी आले, पाणी मागितलं. तिला वाटलं, हॉस्पिटलनंच पाठवलंय.

"मी काय म्हणाले?"

"ही बरी व्हनाऱ्यातली हाय, घिऊन या... येवढंच म्हनला आन् गेला. मालक ऐकंनात. पन मी त्यांचा पिच्छा सोडला न्हाई."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्या वेळी मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. ट्यूब अजून कपाटात होत्या. जगात कुणालाच माहीत नव्हतं.

लहान मूल तरी नाही म्हणेल, या आशेनं मी आरोहीकडे पाहिलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"लय पाऊस हुता," ती म्हणाली, "पन तुझं पाय कोरडंच हुतं." आणि चहात बिस्कीट बुडवू लागली.

त्या दुपारी माझी सहकारी शेजारच्याच टेबलावर होती. तिला विचारलं. ती म्हणते, तू डोळे मिटून स्टुलावर बसली होतीस, दमली असशील म्हणून उठवलं नाही. हॉस्पिटलमधून दुसरं कुणी वडिवळ्याला गेलं होतं का, तेही विचारून पाहिलं. कुणी गेलं नव्हतं. खाचरं, धरण मी कधीतरी फोटोत पाहिलं असेल, हे मान्य. पण त्या बाईनं मला कुठं पाहिलं?

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा, फक्त चेष्टा करू नका.

आरोहीची औषधं अजून चालू आहेत, पण ती आता शाळेत जाते. तिची आई अधूनमधून फोन करते. नवीन तांदूळ निघालाय, जेवायला या म्हणते. कामशेतला उतरा, जीप धरा, पुढं कुणालाबी इचारा.

मी दर वेळी काहीतरी कारण काढते. खरं कारण तिला कसं सांगू... कामशेतला उतरले, आणि पुढे कुणाला विचारावंच लागलं नाही, तर?