टोपी कोणाच्या मापाची?

आज मामाला जाऊन एक वर्ष झालं आणि मी सकाळपासून खूश आहे.

गैरसमज नको. विहारात वंदना झाली, मामीनं खीर केली, सगळं रीतीनं पार पडलं. पण काल संध्याकाळी छातीवरचा धोंडा उतरलाय, आणि तो कोणता ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझा मामा नाचणगावचा टेलर. दिवसभर पँटी अल्टर करायचा आणि संध्याकाळी फुटबॉलची टीम चालवायचा. जिल्हा लीगच्या अ गटातली सगळ्यात लहान टीम. या गटात जी शेवटी येते ती पुढच्या वर्षी खाली ब गटात जाते.

साधाभोळा वगैरे अजिबात नव्हता. गिऱ्हाइकाचं माप अर्धवट सोडून रेफ्रीशी भांडायला धावणारा माणूस.

त्याच गटात पुलगावची एक श्रीमंत टीम. (नाव घेत नाही, तेही फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.) दर सीझनला नागपूर-कामठीहून अर्धी टीम विकत आणायचे. आमचा एखादा पोट्टा जरा बरा खेळला की पुढच्या वर्षी त्यांच्या जर्सीत.

ती जर्सीही मामानंच शिवलेली असायची. धंदा म्हणजे धंदा.

मी नागपुरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर युरोपातल्या मोठ्या लीग बघतो. तिकडे क्लबांच्या खर्चाला मर्यादा घालतात, स्पेंडिंग कॅप. मी जोशात येऊन आमच्या लीगच्या मीटिंगमध्ये तोच प्रस्ताव मांडला. ज्या टीमची जेवढी कमाई, तिच्या ठरावीक हिश्श्यातच खेळाडूंवर खर्च करायचा.

मामाला कॅप म्हणजे एकच माहीत.

भर मीटिंगमध्ये उभा राहिला. "खर्चाले टोपी? अबे भाच्या, तू मलेच टोपी घालून राह्यला का?"

सगळे हसले. मामा हसला नाही.

"टोपी शिवाची तं पह्यले माप सांग. कोनाच्या डोक्याचं घेतलं? त्याइची कमाई मोठी, त्याइले मोठी टोपी. माही लहान, मले लहान. मंग बदललं काय बे? ते मोठे होते, आता कायद्यानं मोठे झाले."

मी म्हटलं, "मामा, कोनी भरमसाठ उधळून आपलीच टीम बुडवू नये म्हनून असते ते."

"मी कुठी उधळून राह्यलो?"

चहा आला, गार झाला, वाद चालूच. शेवटी प्रस्ताव बदलला: सगळ्या टीमना एकच मर्यादा. पास झाला.

मामानं तरीही विरोधात हात वर केला.

मी विचारलं, "आता तं सगळ्याइले एकच टोपी केली नं, मंग काऊन नाई म्हनतो?"

"लोकं टोपी घालतेत अन् मागून केस बाहेर काढतेत. पाह्यजो तू."

आणि सगळ्यात आधी केस बाहेर काढले कोणी? मामानंच!

नियमात खेळाडूंचं मानधन होतं, जेवण नव्हतं. मामानं कामठीच्या एका स्ट्रायकरला निरोप धाडला, पैसे काही मिळणार नाहीत, पण दर मॅचनंतर मामीच्या हातचं मटण. पठ्ठ्या तयार झाला!

मी चिडलो. "मामा, ही चीटिंग हाये."

"मटन का खर्च असते? तो तं पाहुनचार हाये."

मग सीझन सुरू व्हायच्या आधीच मामाला अटॅक आला. दवाखान्यात मला जवळ बोलावलं. वाटलं, घराबद्दल काही सांगेल.

"टीम खाली गेली तं पोट्टे पांगतीन रे. एक डाव पांगले का मंग नाई जमत."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. वर्षभर मी हे ओझं घेऊन फिरलो. प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर पॉइंट मोजत बसायचो.

सीझन झाला. पहिली आली ती पुलगावचीच टीम. खेळाडूंना ओळखीच्या दुकानांत नोकऱ्या दिल्या, मानधन कागदावर कमी. मामानं सांगितलं होतं तसंच.

पण आमच्या गोलकीपरवर त्यांचा डोळा होता आणि एवढं करूनही त्याला घ्यायला मर्यादेत जागाच उरली नव्हती. तो आमच्याकडेच राहिला.

काल शेवटची मॅच. अ गटात टिकायला ड्रॉ झाला तरी पुरे होता. त्याच गोलकीपरनं दोनदा आम्हाला मरता मरता वाचवलं. शून्य-शून्य. इतकी रटाळ मॅच मी जन्मात पाहिली नाही आणि मॅच बघून इतका आनंद कधी झाला नाही.

मग कॅपमुळे लहान क्लबला न्याय मिळतो का? कमेंटमध्ये भांडू नका, माझं मत सांगतो. कप अजून श्रीमंताच्याच घरी जातो. पण सगळ्यांना एकच माप लावलं, म्हणून आमचा पोट्टा आमच्यात राहिला. म्हणजे अर्धा मी बरोबर, अर्धा मामा. मामा असता तर म्हणाला असता, माहा अर्धा मोठा हाये.

आता मामीचं सांगतो.

मामा गेल्यापासून मामी रडली नव्हती. कोणी समजवायला आलं की म्हणायची, "पोट्टे जेवाचे हायेत," आणि चुलीकडे जायची. वर्षभर त्या टीमला रांधून घातलं.

काल ती पहिल्यांदा ग्राउंडवर आली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. शिट्टी वाजली तेव्हा तिला काही कळेना.

"जितलो का रे?"

"नाई मामी. पन राह्यलो. टीम अ गटातच हाये."

"म्हंजे पोट्टे पांगत नाई?"

"नाई पांगत."

तिनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. पोरं घाबरून धावत आली, तिच्याभोवती चिखलाच्या बुटांनिशी उभी राहिली.

"काई नाई झालं रे. बरं वाटून राह्यलं. आता रडू द्या मले."

आम्ही रडू दिलं.

मामा, तुला मनापासून आदरांजली. आता निवांत राह्य.

जय भीम.