रविवारचा फोन

तीस वर्षं शाळेत घालवल्यामुळे खोटं पकडायची मला खोडच. निवृत्तीनंतर धायरीतल्या मुलींच्या बालगृहात मराठी शिकवायला जाऊ लागले, तेव्हा ती खोड घरी ठेवून गेले असते तर बरं झालं असतं.

तिथे तेरा वर्षांची एक मुलगी होती. म्यानमारमधून पळालेल्या कुटुंबातली. आई बांगलादेशातल्या निर्वासितांच्या छावणीत अडकलेली. शेजाऱ्यांबरोबर पुढे पाठवलेली ही पोर वाटेत त्यांना चुकली आणि कशीबशी पुण्यात पोचली. दर रविवारी सकाळी अधीक्षिकाबाई तिला आईशी फोनवर बोलू देत. मी शेजारी बसायचे. भाषा कळत नसे, पण पलीकडे आई रडतेय हे कळायला भाषा कशाला लागते? पोरगी मात्र हसून बोलायची. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून जी पडायची, ती मंगळवारीच उठायची.

"आईला सांगतेस तरी काय?" एकदा मी विचारलंच.

"मजेत आहे. पोटभर जेवते."

"धडधडीत खोटं. अगं, आईशी कोणी खोटं बोलतं का? मन मोकळं कर, हलकं वाटेल."

महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक ताईंनी बजावलं होतं, घाई करू नका. पण मला कुठला धीर?

पुढच्या रविवारी तिनं सगळं सांगून टाकलं; काय काय, ते नंतर मला मराठीत सांगितलं. झोप नाही, भूक नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. पलीकडचं रडणं थांबलं. मग आई हळू आवाजात काहीतरी बोलली. जमलं बाई एकदाचं, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी तर आई चक्क हसत होती. मी खूश.

"काय म्हणाली गं?"

"छावणीत सगळं छान आहे म्हणे." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "बाई, ती रडायची तेव्हा मला तिचं खरं कळायचं. आता ती मला काही सांगणार नाही."

नसती उठाठेव करून मी त्या पोरीपासून तिची आई तोडली होती.

पुढच्या रविवारी ती फोनवर यायलाच तयार होईना. घंटी वाजतच राहिली, तेव्हा अधीक्षिकाबाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. कोणी उचललाय हे कळायच्या आतच पलीकडची बाई हसायला लागली होती.